रुमाल, कांदाचाळ आणि एक पेटी

गेल्या वैशाखातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि कोपऱ्यातल्या जुन्या संगणकातून टक्... टक्... टक् असा आवाज यायला लागला. पाल चुकचुकावी तसा. आधी वाटलं पंख्यात काहीतरी अडकलंय. कान लावून ऐकलं तर आवाज हार्ड डिस्कचा. मंडळी, पोटात गोळाच आला.

त्याचं कारण सांगतो. निवृत्त झाल्यापासून मी आमच्या कसमादे पट्ट्यातल्या (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, बाहेरच्या वाचकांसाठी) घराघरांत जाऊन मोडी कागदांचे फोटो काढतो आहे. वाटणीपत्रं, कर्जरोखे, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, पाटीलकीची भांडणं. हे सगळे फोटो त्या संगणकावर. त्याला आता ना पडदा ना कळफलक, नुसता रात्रंदिवस चालू असतो, आणि घरातल्या कुठल्याही फोनवरून त्यातले कागद बघता येतात. नातू त्याला 'सर्व्हर' म्हणतो, सौ. त्याला 'तुमची दुसरी शाळा' म्हणते.

एका गावातल्या घराने मला माळ्यावरचा रुमाल सोडून दाखवला होता. सव्वाशे-दीडशे कागद. मी दोन दिवस बसून फोटो काढले, रुमाल होता तसा बांधून परत दिला. पुढे दोन वर्षांनी त्या मंडळींनी जुनं घर पाडून नवं बांधलं, आणि राड्यारोड्याबरोबर तो रुमालही गेला. कोणी मुद्दाम टाकला नाही. कोणाच्या लक्षातच राहिला नाही. म्हणजे आता ते कागद जगात एकाच ठिकाणी उरले होते, आणि ते ठिकाण टक् टक् करत होतं.

नातवाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "आजोबा, आधी बंद करा. आणि परत परत चालू करून बघू नका." बंद केलं. त्या रात्री झोप कसली येते! उगाच जुन्या दप्तरांचा विचार करत पडलो होतो.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, बरं का. कागदांचे गठ्ठे ज्या चौकोनी जाड कापडात बांधायचे तो रुमाल, आणि अशा रुमालांचा संग्रह म्हणजे दप्तर. किती साधी युक्ती! कापडातून हवा खेळते, धूळ अडते. चार टोकांची गाठ मारली की गठ्ठा उचलून कुठेही नेता येतो. आत वेखंडाचा तुकडा टाकला की कसरही लांब राहते. पेशवे दप्तरातले कोट्यवधी मोडी कागद अशाच रुमालांत बांधून आजपर्यंत आले. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ते जपले, पण इतिहासाच्या प्रेमाने नव्हे हो. इनामं कोणाची खरी आणि कोणाची खोटी, सारा कोणाकडून किती, हे ठरवायला त्यांना ते हवे होते. पुढे रियासतकार सरदेसायांनी त्या दप्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत छापून आणले.

सरकारी दप्तर टिकलं. घरोघरचे रुमाल मात्र पावसाने, वाळवीने आणि चुलीने खाल्ले. इतिहासाचार्य राजवाड्यांची तगमग होती ती यासाठी. वाईत सापडलेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, आणि पुढे हे खंड बावीसपर्यंत गेले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही त्यांच्याच धडपडीतून. १९२६ साली ते वारले ते आमच्या शेजारच्या धुळ्यात, आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ निघालं. वर्गात हे सगळं मी पंचवीस-तीस वेळा शिकवलं असेन. पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं की हा माणूस गावोगाव एवढा का धावत होता.

असो. डिस्कचाही इतिहास थोडा सांगायला हवा, कारण पुढची सगळी खटपट त्यावरच उभी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्याकडचा टिफ्रॅक हा संगणक चालू झाला, तेव्हा त्याच्या स्मृतीत एकावेळी २०४८ शब्द मावत. अमेरिकेत आयबीएमने १९५६ सालीच पहिली हार्ड डिस्क आणली होती. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि मावणार पन्नास लाख अक्षरं. एवढं धूड हलवायला यंत्र लागे. खरी कलाटणी मिळाली ती १९७३ साली. तबकड्या आणि त्यावरून फिरणारी मुंडी, दोन्ही एकाच बंद पेटीत घालायची कल्पना आयबीएमने आणली. या जातीला विंचेस्टर म्हणत. कारण असं की, मुंडी तबकडीपासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. मध्ये धुळीचा एक कण आला तरी खेळ खलास. म्हणून पेटी बंद. पण अगदी हवाबंदही नाही! साध्या डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, आत गाळणी असते, आणि बाजूला 'हे झाकू नका' असं लिहिलेलं असतं. हेलियम भरलेल्या पूर्ण बंद डिस्क आल्या त्या २०१३ साली. म्हणजे बघा, धूळ अडवायची पण हवा सोडायची, रुमालाचाच कायदा.

नातवाचं निदान असं होतं की डिस्क कदाचित ठीक असेल, जुन्या संगणकाचा वीजपुरवठा म्हातारा झाला असेल. तेव्हा डिस्क बाहेर काढायची, तिला स्वतःची पेटी आणि स्वतःची वीज द्यायची, आणि यूएसबीने सर्व्हरला जोडायची. तयार पेट्या मिळतात. मी पूर्वी एक घेतली होती. प्लॅस्टिकची, आत पंखा नाही. तासभर वापरायला बरी, पण अष्टौप्रहर चालवली तर हात लावून चटका बसे. म्हणून म्हटलं, आपणच करू.

पहिला प्रयोग फसला, तोही सांगतो. दिवाळीच्या लाडवांचा स्टीलचा डबा घेतला, भोकं पाडून वायर आत घातली आणि झाकण घट्ट लावलं. शहाणपणा एवढाच केला की कागदांच्या डिस्कऐवजी एक जुनी रिकामी डिस्क आत ठेवली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदवही ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. ती दीड तासाने पाहिली तर तापमान ५८ अंश! बहुतेक डिस्कना कंपनी साठच्या आसपास मर्यादा घालून देते.

डबा हातात घेऊन ओट्यावर बसलो होतो. समोर आमची कांदाचाळ. आमच्याकडे उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात काढून दिवाळीपर्यंत राखतात, तो काय डब्यात घालून? चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली असते, खालून वारा शिरावा म्हणून. बाजूला फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वर छप्पर, आणि रुंदी मुद्दाम कमी. चाळ रुंद केली की मधला कांदा तापतो आणि सडतो. माझ्या वडिलांना हे कळत होतं आणि मी लाडवाचा डबा घेऊन बसलो होतो :-)

मग पेटीची चाळच केली. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्या दुकानातून ॲल्युमिनियमचे उरलेले तुकडे आणले. डिस्क साधारण १४७ मिलिमीटर लांब, १०२ रुंद आणि २६ जाड. चहूबाजूंनी दोन बोटं जागा सोडून चौकट केली. दोन्ही बाजूंना डिस्क ॲल्युमिनियमला चिकटून कसली, म्हणजे उष्णता धातूत उतरते. पुढे मच्छरदाणीची जाळी, मागे ८० मिलिमीटरचा पंखा, हवा पुढून मागे ओढणारा. आणि खाली चार पायांना काठीची रबरी बुचं. वारा खालून जातो आणि डिस्कची थरथर टेबलाला लागत नाही.

स्क्रूंनी एक दिवस खाल्ला. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे मिलिमीटरचे स्क्रू या मोठ्या डिस्कला बसेनात. जोर लावला असता तर आटे गेले असते. नंतर कळलं, साडेतीन इंची डिस्कला अजून अमेरिकी इंची आट्यांचेच स्क्रू लागतात, आणि लहान अडीच इंचीला मात्र मिलिमीटरचे. साडेतीन इंचाचं माप १९८३ सालचं, ते तेव्हापासून चालत आलंय. शेवटी जुन्या संगणकातलेच स्क्रू काढून वापरले.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वीज. मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट, दोन्ही लागतात. यूएसबीची वायर फक्त ५ देते. शिवाय तबकडी थांबलेली असते तेव्हा तिला फिरवायला सुरुवातीची काही सेकंद १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. भरलेली बैलगाडी हलवताना पहिला हिसका जोराचा, तसं. तिथे वीज कमी पडली की तबकडी पुरी फिरत नाही, मुंडी जागेवर परत येते, पुन्हा प्रयत्न करते... आणि आवाज येतो टक्, टक्. मी १२ व्होल्ट तीन अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर आणि यूएसबी-साटाची छोटी पाटी मागवली.

पाटी आली त्या दिवशी आधी रिकामी डिस्क चालवून पाहिली. दोन तासांनी ४१ अंश. मग देवाजवळ दिवा लावून (हसू नका) कागदांची डिस्क कसली आणि बटण दाबलं. भर्र्र असा एकसुरी आवाज आला, टक् टक् नाही. फोनवर पहिला फोटो उघडला तो त्याच हरवलेल्या रुमालातला होता, विहिरीच्या पाळीचा कागद, कोपऱ्यात माझा अंगठा आलेला. सौ. बाजूला उभी होती, तिने काही न बोलता चहा टाकला.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. उष्णतेचा मी एवढा बाऊ केला, पण गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट दिसला नाही. फार तापलेल्या आणि जुन्या डिस्कमध्येच तो थोडाफार दिसला. म्हणजे पेटी कितीही चांगली केली तरी डिस्क एक दिवस जायचीच, आणि कधी ते सांगता येत नाही. शिवाय माणसांचं काय? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला तेव्हा जपून ठेवलेल्या पोथ्या आणि ग्रंथ जमिनीवर विखुरले होते. तिथे ना रुमाल पुरला ना कपाट. मोडी जाणणारे कारकून महत्त्वाच्या कागदाची नक्कल करून ठेवत. राजवाड्यांनी उतरवून छापले नसते तर त्यांतले किती कागद आज आपल्याला वाचायला मिळाले असते?

म्हणून दुसरी डिस्क घेतली आणि सगळ्याची नक्कल केली. ती नाशिकला लेकीच्या कपाटात असते. तिला पंखा नको, पेटी नको, कारण ती बंदच असते. ज्या चंदेरी पिशवीतून आली त्या पिशवीत घालून सौ.ने वर तांबड्या खणाच्या कापडाची गाठ मारून दिली आहे. (इकडच्या चालत्या पेटीवरही तिने टीव्हीवर घालायचो तसं क्रोशाचं झाकण घातलं होतं. ते काढायला लावलं, त्यावरून दोन दिवस अबोला.)

लेक आखाजीला आणि दिवाळीला माहेरी येते तेव्हा येताना पिशवीत डिस्क घेऊन येते. रात्री ती पेटीशेजारी जोडून ठेवायची, नवे फोटो चढले की सकाळी पुन्हा गाठ बांधायची. या आखाजीला तीनशे बारा नवे कागद चढले. जाताना सांजोऱ्यांचा डबा आणि रुमाल एकाच पिशवीत गेले.