मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास : ग्रंथ व त्यांची चिकित्सा

मराठ्यांच्या सागरी सत्तेविषयी मराठी, इंग्रजी व पोर्तुगीज भाषांत झालेले ग्रंथलेखन आणि त्याच्या विश्वसनीयतेची परीक्षा. शिवाजी महाराजांनी (१६३०–८०) कल्याण-भिवंडीच्या परिसरात १६५७–५९ च्या सुमारास जहाजबांधणीस आरंभ केला. तेव्हापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत (१८१८) मराठ्यांचे आरमार पश्चिम किनाऱ्यावर कमीअधिक प्रमाणात वावरत होते. त्याच्या कारभाराचे कागद विखुरलेले व अपुरे आहेत. उलट त्याच्याशी झगडणाऱ्या इंग्रज व पोर्तुगीज सत्तांची दप्तरे बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली. या विषमतेमुळे कोणताही ग्रंथ वाचताना तो कोणाच्या दप्तरावर उभा आहे, हे प्रथम पाहावे लागते.

मूळ साधने : मराठी साधनांत कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आणि रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र ही दोन प्रमुख होत. सभासदाने जहाजांचे प्रकार व दर्यासारंग, मायनाक भंडारी हे अधिकारी नमूद केले आहेत. तथापि ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर सु. सतरा वर्षांनी रचलेली आहे. आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून जहाजांची बांधणी, खलाशांचे वेतन, सावकारी जहाजांना द्यावयाची वागणूक व लाकूडतोडीचे नियम यांविषयी मार्गदर्शन आहे. आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडे बळजबरीने तोडू नयेत, हा त्यातील निर्बंध सर्वश्रुत आहे. परंतु आज्ञापत्र हा राजनीतिपर ग्रंथ असल्याने त्यात काय असावे हे सांगितलेले आहे. प्रत्यक्षात काय होते, याचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो. हा भेद न पाळता आज्ञापत्रातील प्रत्येक नियम शिवकाळात अंमलात होता असे लिहिणारे ग्रंथ पुष्कळ आहेत.

परकीय साधनांचे मोल एका उदाहरणावरून स्पष्ट होते. महाराजांच्या पहिल्या जहाजांच्या बांधणीवर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर अनेक सहकाऱ्यांसह होता आणि १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ही मंडळी काम सोडून निघून गेली, ही माहिती पोर्तुगीज कागदांतून मिळते. गोव्याच्या दप्तराचे प्रमुख पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांच्या पोर्तुगेज-मराठे संबंध (१९६७) या ग्रंथामुळे असे कागद मराठी वाचकांस उपलब्ध झाले.

संख्या व कालगणना : जहाजांच्या संख्येबाबत ग्रंथाग्रंथांत मोठी तफावत आढळते. बखरींत ही संख्या शेकड्यांनी मोजलेली आहे. १६६५ मधील बसरूरच्या स्वारीसंबंधी कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी ८५ लहान गलबते व ३ मोठी जहाजे असा आकडा दिला आहे. बखरकार किनाऱ्यावरील सर्व प्रकारच्या नौका एकत्र मोजत असावा, तर वखारवाल्यांचा आकडा एका मोहिमेपुरता आहे. म्हणून या दोन आकड्यांपैकी एक खरा व दुसरा खोटा, असा निर्णय घाईचा ठरतो. तिथींच्या बाबतीतही सावधगिरी हवी. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी कालगणना वापरीत, तर पोर्तुगिजांनी १५८२ पासूनच नवी स्वीकारली होती. त्यामुळे सतराव्या शतकातील एकाच घटनेच्या दोन तारखांत दहा दिवसांचे अंतर पडते. काही लेखकांनी अशा एका चकमकीच्या दोन चकमकी केल्या, तर त्यात नवल नाही.

इंग्रजी ग्रंथ व ‘चाचे’गिरीचा आरोप : क्लेमंट डाउनिंग या इंग्रज मिडशिपमनचा ग्रंथ १७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच आंग्रे यांस चाचे म्हटले आहे. तुळाजी आंग्रे यांच्या पाडावानंतर १७५६ मध्ये निघालेल्या पुस्तिकेचा सूरही हाच आहे. कर्नल जॉन बिडल्फ यांनी १९०७ मध्ये कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांची हकिकत मलबारच्या चाच्यांवरील पुस्तकात घातली. या ग्रंथांतील लढायांचे तपशील उपयुक्त आहेत. त्यांची संज्ञा मात्र तपासून घ्यावयास हवी. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल होते. आपल्या सागरी हद्दीत ते दस्तक देत व दस्तक नसलेली जहाजे पकडीत. पोर्तुगिजांची कार्ताझ पद्धती याच तत्त्वावर चाले व इंग्रजही आपले परवाने देत. शिवाय १७१३ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी कान्होजींशी रीतसर तह केला होता. ज्याच्याशी तह केला त्यालाच पुढे चाचा ठरविणे, हा शब्द कायद्याचा नसून वैराचा होता, हे यावरून दिसून येते. याच्या उलट, कान्होजींच्या आरमाराने केलेली प्रत्येक धरपकड न्याय्यच होती, असे गृहीत धरणारे लेखनही तितकेच एकांगी होय. व्यापारी जहाजांच्या मालकांना तिचा फटका बसला, हे नाकारता येत नाही.

जय-पराजयाचे मोजमाप : खांदेरीचा प्रसंग (१६७९) या दृष्टीने बोधप्रद आहे. पावसाळा ओसरत असता मराठ्यांनी मुंबईच्या तोंडावरील या बेटाची तटबंदी सुरू केली. १८ ऑक्टोबरच्या (जुनी कालगणना) लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. परंतु ‘रिव्हेंज’ने मराठ्यांची काही गलबते बुडवून आरमारास मागे रेटले. केवळ या दिवसापुरते पाहणारा ग्रंथकार इंग्रजांचा विजय नोंदवितो. तथापि वेढा व लढाया होऊनही बेट मराठ्यांकडेच राहिले आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. आरमाराचा हेतू काय होता व तो साधला की नाही, हे न विचारता केवळ बुडालेल्या जहाजांची मोजदाद करणारा ग्रंथ अपुरा समजावा.

नौकांचे वर्णन : रॉबर्ट ऑर्म (१७२८–१८०१) याने गुराब व गलबत यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्यानुसार गुराब दोन वा तीन डोलकाठ्यांची व सु. १५० ते ३०० टनांची असे, तर गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असून ४०–५० वल्ह्यांनी चाले. वारा पडला असता गलबते गुराबांना ओढून नेत. हे वर्णन पुढील बहुसंख्य ग्रंथांत उतरले. पंचवीस ग्रंथांत आढळणारी माहिती पंचवीस साक्षींची वाटते. प्रत्यक्षात ती एकाच साक्षीची असते. शिवाय ते अठराव्या शतकातील आंग्रेकालीन नौकांचे असल्याने शिवकाळास जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.

भारतीय ग्रंथकार : सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात (१९२८) आरमाराचा साधार परामर्श घेतला. दा. गो. ढबू यांचा कुलाबकर आंग्रे सरखेल हा ग्रंथ घराण्याच्या कागदपत्रांसाठी महत्त्वाचा आहे. मनोहर माळगावकर यांचे कान्होजींचे इंग्रजी चरित्र (१९५९) वाचनीय आहे. मात्र ते कादंबरीकाराच्या लेखणीतून उतरले आहे, याचे भान ठेवावे. भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांचे आरमार व व्यापारी जहाजे यांवरील इंग्रजी ग्रंथ (१९७३) महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. लढायांबरोबर व्यापार, बंदरे व नौकाबांधणी यांचाही विचार हे त्याचे वैशिष्ट्य होय.

सर्वाधिक मतभेद १७५६ संबंधी आहेत. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजींचा पाडाव केला. फेब्रुवारीत विजयदुर्ग येथे आंग्र्यांचे आरमार जळाले. पेशव्यांनी स्वतःच्या हाताने मराठ्यांचे आरमार बुडविले, असा आरोप त्यामुळे रूढ झाला. पेशव्यांची चूक त्यात आहेच. पण तुळाजी मध्यवर्ती सत्ता जुमानीत नव्हते, हेही खरे. शिवाय पेशव्यांचे वेगळे आरमार पुढेही होते व आनंदराव धुळप यांनी एप्रिल १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले. या घटनेचा उल्लेख न करता १७५६ मध्येच कथा संपविणारा ग्रंथ आपल्या निष्कर्षास सोयीचा पुरावा तेवढा घेतो.

वाचकासाठी निकष : भारतीय नौदलाच्या ध्वजावर २०२२ मध्ये शिवमुद्रेपासून प्रेरित अष्टकोन आला आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांचा २०२५ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. त्यामुळे या विषयाकडे लोकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले आहे. वऱ्हाडातील वरूडसारख्या, समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या गावच्या वाचकापुढे ना गुराब असते ना भरती-ओहोटी. त्याला सर्वस्वी पुस्तकावरच विसंबावे लागते. म्हणून नौकांच्या संज्ञा उलगडणारा, किनाऱ्याचा नकाशा देणारा, आकड्यांचा उगम सांगणारा, वारा व पावसाळा यांचा हिशेब ठेवणारा आणि प्रतिपक्षाच्या कागदांशी आपली विधाने ताडून पाहणारा ग्रंथ त्याने विश्वसनीय मानावा. पूर्वजांचा गौरव ज्या पुराव्यावर उभा करावयाचा, तो पुरावाच कच्चा असेल, तर पहिल्याच आक्षेपासरशी तो गौरवही ढासळतो.

[⟶ आंग्रे घराणे, आज्ञापत्र, कान्होजी आंग्रे, मराठा अंमल].