दोषी ठरवलेले पालक, उपचारांतले भागीदार : भारतातील स्वमग्नतेचा इतिहास

‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात २०१६ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणी गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत झाली होती; तीत दोन ते नऊ वर्षे वयाची ६५ स्वमग्न मुले सहभागी होती. त्यांपैकी निम्म्या मुलांच्या पालकांना प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते नियमित भेटत. हे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. पालक मुलाशी खेळत असतानाचे चित्रण ते करत आणि नंतर तेच पालकांसोबत बसून पाहत. मुलाने कोणता संकेत दिला, तो कोठे निसटला, यावर बोलणे होई. म्हणजे उपचाराच्या केंद्रस्थानी पालक होते. हे आज स्वाभाविक वाटते; परंतु अर्धशतकापूर्वी याच पालकांना या अवस्थेचे कारण मानले जात होते.

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवली. तिच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा त्याचाच प्रतिध्वनी. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे मांडून ही एक स्वतंत्र, जन्मजात अवस्था असल्याचे सुचवले. मात्र त्याच लेखात त्यांनी पालकांच्या भावनिक कोरडेपणाचीही नोंद केली आणि पुढच्या काळात तीच नोंद अधिक गाजली. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील पुस्तकातून दोषाचा रोख आयांकडे वळवला. मूल बोलत नाही, कारण आईची माया थंड आहे, असा हा सिद्धांत होता. त्याला पुरावा नव्हता. तरीही असंख्य घरांनी त्याचे ओझे वाहिले.

या मताला पहिला मोठा हादरा दिला तो एका पित्याने. अमेरिकी नौदलातील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ च्या ग्रंथात त्यांनी या अवस्थेचे मूळ जैविक असल्याची मांडणी केली. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. ११ एकसारख्या जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. १० भिन्न जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. आनुवंशिकतेचा वाटा आता दुर्लक्षिण्याजोगा राहिला नाही.

भारतातील इतिहासाची सूत्रेही पालकांच्याच हाती राहिली. स्वमग्न मुलाची आई असलेल्या मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केले. परंतु १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचे नावच नव्हते. ज्याचे नाव कायद्यात नाही, त्याचे प्रमाणपत्र नाही. आणि प्रमाणपत्र नाही तर सवलत नाही. परिणामी अनेक मुलांवर मतिमंदत्वाचा शिक्का बसे, मग त्यांची बुद्धी कशीही असो.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेला प्रथमच कायद्यात नाव मिळाले. आईवडिलांच्या मृत्यूनंतर अशा व्यक्तींच्या सांभाळासाठी उपाय योजणे, हे या कायद्याने न्यासाच्या उद्दिष्टांतच नोंदवले. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा घराघरातला प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या भाषेत उतरला. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सातांचे २१ प्रकार केले आणि त्यांत स्वमग्नतेचा समावेश केला. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मूल्यमापन श्रेणीही अधिकृत झाली.

नाव मिळाले, तरी मोजणी बाकी होती. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी ३,९६४ मुलांची तपासणी करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभर मुलांमागे सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. स्वमग्नता ही परदेशी किंवा केवळ शहरी बाब आहे, हा समज त्यानंतर टिकणारा नव्हता. त्याचबरोबर एवढ्या मुलांपर्यंत केवळ तज्ज्ञ पोहोचू शकणार नाहीत, हेही उघड झाले.

गोव्यातील चाचणीचे महत्त्व येथेच आहे. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांचे एकाच गोष्टीवर लक्ष राहण्याचा काळ घटला, हेही संशोधकांनी नोंदवले. म्हणजे हा चमत्कार नव्हता. तो एक प्रामाणिक आरंभ होता, आणि सामान्य कार्यकर्त्यांच्या हातून घडू शकणारा होता.

या चाचणीतील मुले नऊ वर्षांच्या आतली होती. स्वमग्नता मात्र नवव्या वर्षी संपत नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच शाळेचे दार मिटते. पालकत्वासाठी जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करावा लागतो. रोजगार आणि निवासाचे पर्याय मोजकेच उरतात. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी स्वमग्नतेच्या वाट्याला येणारा एक टक्काही अन्य प्रकारांसोबत वाटून घ्यावा लागतो. विज्ञानाने पालकांना दोषमुक्त केले, कायद्याने त्यांच्या मुलांना नाव दिले. पण १९९९ च्या कायद्यात लिहिला गेलेला तो प्रश्न, आईवडिलांच्या पश्चात काय, अजून उत्तराची वाट पाहत आहे. त्याचे उत्तर पालकांनी एकट्याने द्यावे, अशी अपेक्षा यापुढे करता येणार नाही.