भरतीचा काटा

मुरगूडहून निपाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास गेल्यास सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. वेदगंगेकाठच्या या गावाला हे दृश्य नवे नाही. अलीकडे मात्र त्यांतील काही मुले ऐन उन्हाळ्यातही अंगात रेनकोट घालून धावतात. आमच्या वर्गातील अशाच एका विद्यार्थ्याला आम्ही कारण विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "सर, अडीच किलोच ऱ्हायलंय. दोन दिस पाणी तोडलं की येतंय खाली." हा मुलगा तालमीत वाढलेला, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढणारा. मांड्या आणि खांदे भरलेले, म्हणून उंचीच्या मानाने वजन जास्त. त्याच्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. ज्या आकड्यासाठी तो पाणी सोडायला निघाला होता, तो आकडा आला कोठून आणि तो नेमके काय मोजतो, हे पाहावेसे वाटले.

याच रस्त्यावर धावलेल्या आधीच्या पिढीची चिंता नेमकी उलट होती. भरतीच्या जाहिरातीत महाराष्ट्रासाठी १६८ सेंटिमीटर उंची, ७७ सेंटिमीटर छाती, ती फुगवल्यावर ५ सेंटिमीटर अधिक, आणि किमान ५० किलो वजन अशी अट अनेक वर्षे होती. काट्यावर चढण्यापूर्वी डझनभर केळी खाऊन वर तांब्याभर पाणी पिणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. त्यामागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात भरतीची गरज वाढली, तेव्हा वजनाची अट शिथिल करावी लागली, आणि अनेक हिंदी रंगरुटांचे वजन लष्करी शिध्यावर पहिल्या काही महिन्यांतच वाढले. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियातील कूट येथे पूना डिव्हिजनला वेढा पडला. त्यात ११० वी मराठा लाइट इन्फंट्रीही होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात शिधा घटत गेला. घोड्याचे मांस खाणे बहुसंख्य हिंदी सैनिकांनी दीर्घकाळ नाकारले आणि ते उपासमारीने खंगले. सैनिकाच्या अंगावर थोडे मांस असणे ही तेव्हा जगण्याची शिदोरी होती. किमान वजनाची अट ही अशी कुपोषणाच्या भयातून आलेली होती.

कमाल वजनाची कथा निराळी आहे. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे आज सर्वत्र वापरले जाणारे सूत्र ज्यावरून आले, तो आदोल्फ केटले हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होता. १८३५ च्या ग्रंथात त्याने 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. एका माणसाची प्रकृती तपासणे हा त्याचा हेतू नव्हता. त्याला समाज मोजायचा होता. त्याने ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे अभ्यासली, ती सरासरीभोवती नियमाने पसरलेली दिसली. आपल्या भरतीतील छातीच्या टेपचे नाते सैनिक मोजण्याच्या या जुन्या परंपरेशी आहे. फ्रान्समधील एक लाख सक्तीच्या सैनिकांच्या उंचीचे आकडे पाहताना त्याला आणखी एक गोष्ट आढळली. किमान उंचीच्या रेषेखाली अपेक्षेपेक्षा सुमारे दोन हजार माणसे जास्त होती. लष्करात जायचे टाळण्यासाठी ती काट्याशी खेळ करून बुटकी ठरली होती! दीडशेहून अधिक वर्षांनी आमची मुले तोच खेळ खेळतात, फक्त आत जाण्यासाठी. केटलेच्या या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली अन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने दिले.

वजन आणि मेद या एकच गोष्टी नव्हेत, हे लष्करी वैद्यकाला फार पूर्वीच कळले होते. अमेरिकी नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांनी १९४२ साली पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंची शरीरघनता पाण्याखाली वजन करून मोजली. उंची-वजनाच्या तक्त्यानुसार त्यांपैकी सतरा जण जादा वजनामुळे सेवेस अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या अंगात मेद कमी आणि स्नायू जास्त होते. पुढे १९८१ साली अमेरिकी संरक्षण खात्याने मेदाच्या प्रमाणाचे निकष आणले. मान आणि कंबर टेपने मोजून तो अंदाज बांधण्याची पद्धत तेथे रूढ झाली. आपल्याकडे अग्निवीर भरतीच्या जाहिरातीत उंची आणि वय यांच्या प्रमाणात वजन असावे, असे म्हटलेले असते. आमच्या विद्यार्थ्याचा पेच बेन्के यांच्या खेळाडूंसारखाच आहे.

पण पाणी तोडण्याची युक्ती त्याला कोणी शिकवली? ती आखाड्यातून आली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी राहिलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्याहून वरच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. वरच्या गटात जाऊनही माणूस जिंकतो, हा धडा मागे पडला आणि वजन उतरवण्याची विद्या तेवढी टिकली. तिची किंमत जगाने मोजलेली आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तेथे रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. २०२४ साली पॅरिसमध्ये रात्रभर धडपडूनही विनेश फोगाट १०० ग्रॅमनी अपात्र ठरल्या. मल्लाला काट्यावरून उतरल्यावर पाणी पिण्यास, खाण्यास निदान काही तास मिळतात. भरतीच्या उमेदवाराला ज्या दिवशी तोलले जाते, त्याच मैदानावर आधी धावायचे असते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी दम घटू लागतो. पंचाहत्तर किलोच्या मुलाने अडीच किलो पाणी गमावणे म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक.

मुलांना घाई का होते, हेही समजून घ्यावे लागते. २०२० ते २०२२ या काळात सैन्यभरती बंद होती. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस ठरली. त्या एका वर्षापुरती ती तेवीस केली गेली. २०२३ पासून संगणकावरील लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर, असा क्रम आला. लेखी परीक्षेचा अभ्यास बसून करावा लागतो. मैदानाची तारीख कळते तेव्हा मोजके दिवस हातात असतात. एक किलो मेद म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा तर रोज साधारण साडेपाचशे कॅलरींची तूट हवी. म्हणजे अडीच किलोंना पाच आठवडे. दोन दिवसांत जे उतरते ते पाणी असते, मेद नव्हे.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही हे सारे तेव्हा सांगू शकलो नाही, कारण ते आम्हालाच ठाऊक नव्हते. तो मैदानावर गेला आणि तिसऱ्या फेरीत पोटऱ्यांत गोळे येऊन खाली बसला. काट्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. आता पुढच्या भरतीसाठी तो पुन्हा धावतो आहे. या वेळी रेनकोट नाही. रात्रीच्या भाताची वाटी कमी केली आहे आणि दर रविवारी वजन वहीत लिहून तो आम्हाला आणून दाखवतो. वर्गात आम्ही त्याला इतिहासाची प्रश्नोत्तरे देत होतो. ही वही तपासणे हेही शिक्षकाचेच काम आहे, हे आम्हाला जरा उशिरा कळले.