वेठ, परेड आणि खराटा

कॉलेजच्या पोरांना देशसेवेचं शिक्षण सक्तीचं करावं काय, ही चर्चा आपल्याकडे अधूनमधून उठते. आता पुन्हा उठली आहे. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण आलं आणि महाराष्ट्रातल्या पदवीच्या अभ्यासात एन.सी.सी., एन.एस.एस., खेळ, कला यांना श्रेयांक मिळू लागले. जोडीला गावात, वस्तीत जाऊन करायचे प्रकल्प आले. यवतमाळच्या आपल्या अभ्यासवर्गात पोरं विचारतात, जयभीमवाल्यांनी याच्या बाजूनं उभं राहायचं की विरोधात?

उत्तर द्यायच्या आधी इतिहास पाहू. कारण सक्तीची सेवा हा शब्द पांढरपेशांच्या घरात नवा असेल. आपल्या घरात तो हाडामासात मुरलेला आहे.

आपल्या बापजाद्यांना या सेवेसाठी कुठं नाव नोंदवावं लागलं नाही. जन्माला आला की तो गावाचा नोकर. अंमलदार आला तर त्याच्या घोड्याला गवत, चुलीला लाकूड, पुढच्या गावापर्यंत त्याचं ओझं. मेलेलं ढोर ओढा. मरणाचा सांगावा घेऊन रात्रीबेरात्री पळा. हद्द राखा. मुंबई इलाख्यात याला महारवतनाची चौकट होती आणि १८७४ च्या वतन कायद्यानं ती पक्की केली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. ही वतनं कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं. आपल्या वऱ्हाडात कागद वेगळे होते, नावं वेगळी होती. पाठीवरचं ओझं तेच.

ही होती या देशातली सगळ्यात जुनी राष्ट्रीय सेवा योजना. तिला मार्क नव्हते, सर्टिफिकेट नव्हतं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

आता दुसरी बाजू बघा. कॉलेजच्या पोरांना लष्करी शिक्षण द्यायची सुरुवात इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात केली. १९१७ मध्ये युनिव्हर्सिटी कोअर निघाली. १९२० च्या कायद्यानं तिची युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झाली. युद्धाला अधिकारी हवे होते, आणि शिकलेली पोरं कॉलेजात होती.

त्याच १९१७ साली आणखी एक गोष्ट झाली. १११ वी महार पलटण उभी राहिली. महारांना फौजेत नवं नव्हतं. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपली माणसं लढली होती. पण १८९२-९३ च्या सुमाराला इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. अमुक जाती लढवय्या आणि तमुक नाहीत, हे नवं शास्त्र त्यांनी काढलं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली सरकारकडे पुन्हा दाद मागितली. कुणी ऐकलं नाही. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा मात्र दार उघडलं. आणि १९२१ साली, युद्ध संपल्यावर, ती पलटण मोडली.

कॉलेजच्या पोरांची कोअर मात्र चालू राहिली. मित्रांनो, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवा. एकाच साली दोघांच्या हाती बंदूक दिली. चार वर्षांनी एकाची काढून घेतली. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत वीस वर्षं गेली, आणि तेव्हाही दुसरं महायुद्ध दारात होतं.

फौजेचा आणखी एक धडा आहे. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या लेकरांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचं होतं, असं बाबासाहेबांनीच सांगितलं आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते. म्हणजे एक सक्ती अशी की जिनं माणसाचं ढोर केलं, आणि दुसरी अशी की जिनं ज्याला अक्षर शिवू दिलं नव्हतं त्याला मास्तर केलं. सक्ती या शब्दाला भिऊ नये. सक्ती कुणावर, कशाची, आणि तिच्यातून माणूस वर येतो की खाली जातो, हे विचारावं.

कवायत आपण सरकारची वाट न पाहताही शिकलो. १९२७ पासून समता सैनिक दल उभं राहिलं. शेतमजूर, गिरणी कामगार, रेल्वेतले हमाल, शाळा सोडलेली पोरं, सगळे एका रांगेत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला जी मोठी परिषद भरली तिच्यात दलाचीही वेगळी परिषद झाली आणि बाबासाहेब तिथं बोलले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी दीक्षा घेतली, त्या गर्दीला शिस्त लावायला दलाचे सैनिक उभे होते. देशसेवेचं शिक्षण असंही असतं. त्याला कॉलेजचा दाखला लागला नाही.

आता घटनेकडे येतो. सगळ्या चर्चेचा खुंटा इथं आहे.

घटनेचं २३ वं कलम माणसांचा व्यापार, बेगार आणि तशी दुसरी वेठ बंद करतं. एवढं आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना पाठ आहे. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम फार कमी लोक वाचतात. ते म्हणतं की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल. मात्र ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून कुणात भेद करता येणार नाही. ३ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत हे कलम चर्चेला आलं, तेव्हा मसुद्यात ते १७ वं होतं.

दोन्ही पोटकलमं एका दमात वाचा. घटना सेवेला नाही म्हणत नाही. ती म्हणते, गावाच्या सेवेचं ओझं एका जातीच्या पाठीवर राहणार नाही. देशाला हात लागणार असतील तर सगळ्यांचे हात लागतील. पाटलाचे, वकिलाचे, मारवाड्याचे आणि आमचेही. वेठ आणि सेवा यांच्यातली रेघ इथं मारली आहे, आणि ती रेघ म्हणजे समता.

या मापानं आता स्वतंत्र भारताचा हिशेब मांडू.

पंडित हृदयनाथ कुंझरूंच्या समितीचा अहवाल १९४७ मध्ये आला. १९४८ मध्ये कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ ला एन.सी.सी. सुरू झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. तोवर सगळं राजीखुशीचं होतं. १९६२ मध्ये चीनचं युद्ध झालं, सरकार हादरलं, आणि १९६३ मध्ये कॉलेजातल्या धडधाकट मुलांना एन.सी.सी. सक्तीची केली. यवतमाळची कॉलेजं तेव्हा नागपूर विद्यापीठाखाली होती.

आपली पोरं त्या वेळी कॉलेजात मूठभर. १९४४ पासून सुरू झालेल्या शिष्यवृत्तीच्या आधारानं शिकणारी. आमच्या वस्तीतले एक म्हातारे त्या काळी कॉलेजात होते. ते सांगतात, "माझ्या पायात पयला बूट सरकारनं घातला." परेडची एक ऑर्डर ते अजून खणखणीत आवाजात म्हणून दाखवतात, लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाईन में कदवार. म्हणजे उंच उजवीकडे, बुटका डावीकडे, उंचीप्रमाणे रांग लावा. म्हातारे म्हणतात, "गावात रांग जातीची होती बाप्पा. पाण्यावर रांग, पंगतीत रांग. इथं देशमुखाचं पोरगं माह्या डाव्या अंगाला, कावून की ते बुटकं होतं."

एवढं या सक्तीनं केलं. फार नाही, पण खोटंही नाही.

ती सक्ती किती वर्षं टिकली? पाच. पोरांमध्ये नाराजी होती, आणि १९६८ मध्ये एन.सी.सी. पुन्हा राजीखुशीची झाली. आठवड्यातली परेड पाच वर्षांत जड झाली आणि सुटली. आमची वेठ शेकडो वर्षं चालली तेव्हा ती जड होते आहे, असं कुणाच्या कानावर गेलं नाही.

हा फक्त आपल्या देशाचा रोग नाही. त्याच वर्षांत अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धासाठी सक्तीची भरती चालू होती. कॉलेजात नाव असलं की भरती पुढं ढकलता येई. ज्याच्या बापाकडं फी भरायला पैसा, त्याचं पोर वर्गात. गरिबाचं आणि काळ्या माणसाचं पोर जंगलात. मुहम्मद अलीनं १९६७ मध्ये भरतीला नकार दिला, तेव्हा त्याचं अजिंक्यपद काढून घेतलं. नव्या विद्यार्थ्यांची ही सवलत १९७१ मध्ये बंद झाली आणि १९७३ मध्ये सक्तीची भरतीच संपली. ज्या ब्लॅक पँथरचं नाव आपल्या पोरांनी १९७२ मध्ये घेतलं, ते याच काळातलं. कागदावर सक्ती सगळ्यांना असते. ती कुणाच्या अंगाला लागते, हे पाहावं लागतं.

एन.सी.सी.ची सक्ती गेली आणि गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना आली. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी. दोन वर्षांत २४० तास काम, आणि दत्तक घेतलेल्या गावात शिबिर. ब्रीद असं की मी नाही, तुम्ही. १९७३ च्या दुष्काळात तिची शिबिरं दुष्काळाविरुद्ध युवक या नावानं झाली. या योजनेत चांगली माणसं आहेत, चांगलं कामही झालं आहे. ते नाकारायचं नाही.

पण तिच्या मुळाशी श्रमदानाचा जो विचार आहे, तो आपल्या शेजारून आलेला आहे. वर्धा नदीच्या पलीकडं सेवाग्राम. तिथला विचार सांगतो की हातानं काम केल्यानं माणूस पवित्र होतो. ज्यानं कधी खराटा धरला नाही त्याला तो धरल्यावर तसं वाटत असेल. ज्याच्या सात पिढ्यांनी खराट्याशिवाय काही धरलं नाही, त्यानं काय वाटून घ्यावं? खराटा एकाच्या हातात सेवा होतो आणि दुसऱ्याच्या हातात जात.

मी सूतगिरणीत पाळी करणारा माणूस, कॉलेजचं फाटक बाहेरून पाहिलेला. पण शिबिरं मी पाहिली आहेत, कारण ती आमच्या गावात येत. पोरं देवळासमोरचा रस्ता झाडत, फोटो निघत. बौद्धवाड्याच्या नालीपर्यंत खराटा क्वचितच पोचे. एका वर्षी नालीत मेलेलं कुत्रं सापडलं. शिबिराच्या सरांनी यादी काढली, आडनावं वाचली आणि एका पोराला हाक मारली. चाळीस पोरांत तोच का, हे साऱ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही. पोरानं कुत्रं उचललं. संध्याकाळी त्यानं शिबिर सोडलं.

त्या पोराच्या हाती कायदा होता, फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याचं १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव झालं आणि त्यात सात-अ हे कलम आलं. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला झाडायला लावणं किंवा मेलेलं जनावर उचलायला लावणं हा गुन्हा आहे. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा दलित-आदिवासींना बेगारीला लावणं गुन्हा ठरवतो. तोच कायदा असंही म्हणतो की सरकारनं सार्वजनिक कामासाठी लावलेली सक्तीची सेवा यात येत नाही. पुन्हा तीच २३ व्या कलमाची रेघ. रांगेतल्या चाळीसही पोरांना पाळीपाळीनं उचलायला लावलं तर ती सेवा. आडनाव पाहून एकालाच हाक मारली तर ती वेठ, मग शिबिराच्या बॅनरवर काहीही लिहिलेलं असो.

आज आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं ज्या विद्यापीठाखाली आहेत त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. परीट घरातला हा माणूस. पहिल्यांदा गाव झाडायचा, मग रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायचा. देव दगडात नाही, लेकराला शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका, हे तो सांगायचा. त्यांचा नुसता खराटा उचलायचा आणि कीर्तन विसरायचं, असं चालणार नाही.

तेव्हा पोरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. आपण सेवेच्या विरोधात नाही. सक्तीच्याही नाही. सगळ्यांवर सारखी असेल तर ती सक्ती आपल्या फायद्याची आहे, कारण राजीखुशीनं कुणी बौद्धवाड्यात, पारधी बेड्यावर, कोलामपोडावर येत नाही. पण आपल्या अटी आहेत. शिबिरातल्या कामाची पाळी उंचीप्रमाणे लावा, हजेरी नंबराप्रमाणे लावा. आडनावाप्रमाणे लावू नका. शिबिराचा पहिला दिवस गावाच्या शेवटच्या वस्तीत घाला. आणि शिबिरात २३ वं कलम मोठ्यानं वाचा, दोन्ही पोटकलमांसह.

चौथी अट कॉलेजबाहेरच्यांसाठी. माझ्या पाळीतली पोरं, जिनिंगवर रुई वाहणारी पोरं, ऊसतोडीला जाणारी पोरं, यांना देश नाही काय? शिक्षण फक्त कॉलेजात मिळणार असेल तर ते १९१७ सारखंच होईल. तेव्हा ज्यांना श्रेयांक मिळणार आहेत त्यांनी आपले १२० तास वस्तीत आणावेत. शाळा सुटलेल्या पोरांची यादी करावी. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यावेत. कोणत्या विहिरीवर, कोणत्या नळावर अजून वेगळी रांग आहे, ते तारीखवार लिहून ठेवावं. हेही काम सेवेतच बसतं, आणि त्याचेही श्रेयांक मागा. सर नाही म्हणाले तर लेखी मागा.

जयभीम.