वेबकॉमिक, अ‍ॅनिमेशन आणि लोकवर्गणी

इंटरनेटवर फुकट वाचायला मिळणाऱ्या चित्रकथेचे अ‍ॅनिमेशन करायचे आणि त्याचा खर्च तिच्या वाचकांकडूनच आगाऊ गोळा करायचा, ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत २०१० नंतरच्या दशकात रुजली. पैसे जमवण्यात ती अनेकदा अपेक्षेपलीकडे यशस्वी ठरली. अडचणी येत गेल्या त्या पैसे जमल्यानंतर. वर्गणी काही आठवड्यांत जमते, काम मात्र वर्षानुवर्षे चालते, आणि या दोहोंमधल्या काळात दिलेल्या शब्दाचा हिशेब कोणी आणि कसा ठेवायचा, हा या पद्धतीच्या इतिहासातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

लोकवर्गणीतून मोठे काम उभे करण्याची चाल जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखालच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘द वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून आवाहन केले. पाच महिन्यांत सुमारे एक लाख डॉलर जमले. बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती, पण प्रत्येक देणगीदाराचे नाव वृत्तपत्रात छापले गेले. भारतात १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या सहकारी दूध संघांच्या पाच लाख सभासद शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. विजय तेंडुलकर पटकथालेखनात असलेल्या आणि स्मिता पाटील यांच्या भूमिकेने गाजलेल्या या चित्रपटामुळे मराठी प्रेक्षकांना ही हकिकत ओळखीची आहे. मात्र या दोन्ही उदाहरणांत वर्गणीदार आणि काम करणारे यांच्यामध्ये एक भक्कम संस्था उभी होती. एकीकडे खपाचे वृत्तपत्र होते, दुसरीकडे सहकारी संघ. पैसा तिच्या हातून जात होता आणि जबाबदारीही तिचीच होती.

इंटरनेटने ही मधली संस्था जवळजवळ काढून टाकली. १९९७ मध्ये ‘मरिलियन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या अमेरिकी चाहत्यांनी बँडचा दौरा आपल्याकडे व्हावा म्हणून इंटरनेटवरून ६०,००० डॉलर जमवले. २००८ मध्ये ‘इंडिगोगो’ आणि एप्रिल २००९ मध्ये ‘किकस्टार्टर’ सुरू झाले. किकस्टार्टरचा नियम सोपा होता. कलाकाराने उद्दिष्ट आणि मुदत जाहीर करायची. मुदतीत उद्दिष्ट गाठले तरच वर्गणीदारांचे पैसे कापले जायचे, नाहीतर कोणाचाही एक डॉलर जायचा नाही. यशस्वी मोहिमेतून कंपनी पाच टक्के घेई, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. वर्गणीच्या बदल्यात पुस्तक, चित्र किंवा चकती अशी भेट मिळे, पण नफ्यात वाटा नसे. काम पूर्ण होईल याची हमी कंपनी देत नसे. तो करार कलाकार आणि वर्गणीदार यांच्यातला होता.

या व्यवस्थेला वेबकॉमिकचा वाचक आयताच मिळाला. आठवड्यातून दोन-तीनदा येणारे पान तो वर्षानुवर्षे फुकट वाचत असे आणि कलाकाराशी त्याचे थेट नाते जुळलेले असे. त्या नात्याची ताकद पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती रिच बर्ल्यू यांच्या ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’मध्ये. २००३ मध्ये सुरू झालेली ही अद्भुतरम्य चित्रकथा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमांवर बेतलेली आहे. तिच्यातली माणसे काडीच्या हातापायांची असतात, पण कथानक लांबलचक आणि गुंतागुंतीचे. तिची काही छापील पुस्तके बाजारातून संपली होती आणि पुनर्मुद्रणासाठी लेखकाकडे भांडवल नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी ५७,७५० डॉलरचे उद्दिष्ट ठेवून मोहीम सुरू केली. महिनाभरात १४,९५२ वाचकांनी १२,५४,१२० डॉलर दिले, म्हणजे मागितल्याच्या एकवीसपटीहून अधिक.

या यशातच पुढच्या अडचणींचे मूळ होते. उद्दिष्ट ओलांडल्यावर मोहीम थंडावू नये म्हणून कलाकार वाढीव टप्पे जाहीर करतो. अमुक रक्कम झाली तर आणखी एक पुस्तक, तमुक झाली तर नवी कथा. एका पुस्तकाच्या पुनर्मुद्रणासाठी सुरू झालेल्या मोहिमेत अशा रीतीने बाकीची पुस्तके, छोट्या-मोठ्या भेटवस्तू आणि नव्याने लिहून-रेखाटून द्यायच्या कथा येऊन बसल्या. छपाई बाहेर देता येत होती, पण लिहिणारा आणि चित्रे काढणारा हात एकच होता. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याच हाताला गंभीर इजा झाली. मूळ चित्रकथा काही काळ थांबली आणि भेटींचे वेळापत्रकही कोलमडले. छापील पुस्तके वर्गणीदारांपर्यंत गेली, पण कबूल केलेल्या काही कथा पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागली. कलाकार प्रगतीची माहिती देत राहिल्यामुळे वाचकांचा विश्वास टिकला. मात्र एका माणसाच्या तब्येतीवर हजारोंचा करार उभा असतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

पुस्तकाच्या तुलनेत अ‍ॅनिमेशनचा हिशेब कितीतरी अवघड आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. प्रत्येक रेखाटन दोन चौकटींसाठी वापरले तरी एका पात्राच्या सलग हालचालीला सेकंदाला १२ रेखाटने लागतात. बावीस मिनिटांच्या भागात ३१,६८० चौकटी भरतात. प्रसंगांची कच्ची चित्रमालिका, तिला आवाज जोडून केलेला आराखडा, मुख्य रेखाटने, मधली रेखाटने, पार्श्वभूमी, रंग, जोडणी आणि संगीत असे टप्पे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला वेगळी माणसे लागतात. चित्रकथेचा कलाकार यांतले एखाद-दुसरे काम जाणतो. त्यामुळे त्याला स्टुडिओ गाठावा लागतो आणि खर्चाचा अंदाज दुसऱ्याच्या भरवशावर करावा लागतो.

जमलेली वर्गणी आणि पूर्ण चित्रपट यांतले अंतर किती मोठे असते ते ‘द गून’च्या मोहिमेत दिसले. एरिक पॉवेल यांच्या या छापील भय-अद्भुत चित्रकथेवर अ‍ॅनिमेशनपट करण्यासाठी दिग्दर्शक डेव्हिड फिंचर आणि ब्लर स्टुडिओ पुढे आले होते. २०१२ मध्ये त्यांनी चार लाख डॉलर मागितले आणि ४,४१,९०० मिळाले. परंतु ही रक्कम चित्रपटासाठी नव्हती. पूर्ण लांबीची कच्ची चित्रमालिका करून ती निर्मात्यांना दाखवायची, एवढाच तिचा उपयोग होता. चित्रमालिका तयार झाली, तरी पुढच्या दहा वर्षांत चित्रपट आला नाही. कायद्याने आणि शब्दानेही मोहीम पूर्ण झाली होती. चाहत्यांच्या मनातली अपेक्षा मात्र चित्रपटाची होती.

याच्या उलट उदाहरण जपानच्या ट्रिगर स्टुडिओचे. जादूगार मुलींच्या शाळेवरील ‘लिटल विच अकॅडेमिया’च्या दुसऱ्या भागासाठी स्टुडिओकडे वीस मिनिटांपुरते पैसे आधीच होते. २०१३ च्या मोहिमेत लांबी वाढवण्यापुरते दीड लाख डॉलर मागितले गेले आणि ६,२५,५१८ मिळाले. मागणी मोजकी, माणसे कामाला लागलेली आणि पाया भरलेला, म्हणून २०१५ मध्ये सुमारे ५५ मिनिटांचा चित्रपट प्रेक्षकांसमोर आला.

दरम्यान रखडलेल्या आणि बुडालेल्या मोहिमांच्या तक्रारी वाढत गेल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलचे ईथन मॉलिक यांच्या २०१४ मधील अभ्यासात पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मोहिमांची वस्तू ठरलेल्या वेळेनंतर पोहोचल्याचे आढळले. २०१५ च्या त्यांच्या पाहणीत सुमारे नऊ टक्के मोहिमा भेटवस्तू देऊच शकल्या नव्हत्या. म्हणजे फसवणुकीपेक्षा उशीर हेच मोठे दुखणे होते. किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्ये आपण दुकान नसल्याचे स्पष्ट केले आणि संभाव्य अडचणी मांडणे प्रत्येक मोहिमेला बंधनकारक केले. २०१४ मध्ये नियम आणखी कडक झाले. काम पूर्ण होणार नसेल तर पैसे कुठे गेले हे सांगणे आणि उरलेली रक्कम परत करणे कलाकारावर आले. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने खेळण्याच्या पत्त्यांच्या एका रखडलेल्या मोहिमेविरुद्ध ग्राहक संरक्षण कायद्याखाली दावा लावला आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने भरपाई व दंडाचा आदेश दिला. वर्गणी घेणाऱ्याला कायद्यापुढेही उत्तर द्यावे लागते, हे त्यातून ठरले.

पुढच्या मोहिमांवर या अनुभवाची छाप दिसते, पण उशीर काही संपला नाही. मार्च २०१९ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ इंटरनेटवर खेळून दाखवणाऱ्या ‘क्रिटिकल रोल’ या गटाने आपल्या खेळातल्या कथेवर बावीस मिनिटांचे अ‍ॅनिमेशन करण्यासाठी साडेसात लाख डॉलर मागितले. म्हणजे मिनिटाला साधारण ३४,००० डॉलर. दीड महिन्यात ८८,८८७ जणांनी १ कोटी १३ लाखांहून अधिक डॉलर दिले आणि एका भागाच्या जागी दहा भागांची मालिका ठरली. पुढे अ‍ॅमेझॉनने ती उचलून भाग वाढवले. २०२० मध्ये अपेक्षित असलेली ‘द लीजेंड ऑफ व्हॉक्स मॅकिना’ जानेवारी २०२२ मध्ये प्रदर्शित झाली. ट्रेसी बटलर यांच्या ‘लॅकाडेझी’ या वेबकॉमिकची वाट अधिक साधी होती. दारूबंदीच्या काळातल्या सेंट लुईसमध्ये घडणाऱ्या आणि मांजरांच्या रूपातील पात्रे असलेल्या या कथेसाठी २०२० मध्ये ८५,००० डॉलर मागितले गेले, ३,३०,२५६ मिळाले. मालिकेचे वचन न देता एकच लघुपट कबूल केला होता. तो मार्च २०२३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

या साऱ्या मोहिमांचा ताळेबंद मांडला तर वाचकांची उदारता कुठेही कमी पडलेली दिसत नाही. कमी पडला तो कामाचा अंदाज, आणि आवरता आला नाही तो वाढीव टप्प्यांचा मोह. जिथे मागणी एका नेमक्या कामापुरती होती, स्टुडिओ आधी ठरलेला होता आणि विलंबाची कारणे वेळोवेळी सांगितली गेली, तिथे उशीर झाला तरी वर्गणीदार टिकले. पुलित्झर यांनी प्रत्येक देणगीदाराचे नाव छापले, दूध संघाला आपल्या सभासदांना उत्तर द्यायचे होते. मधली संस्था गेल्यावर ते उत्तरदायित्व कलाकाराला स्वतःच पेलावे लागते. ज्या कलाकारांनी पैसे मागण्यापूर्वीच ते ओळखले, त्यांचे काम पडद्यापर्यंत पोहोचले.