कापसाचा भाव आणि मतांचा हिशेब

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. आमच्या दर्यापूरचे आमदार, काँग्रेसचे बळवंत वानखडे यांनी अमरावतीत भाजपच्या नवनीत राणांना हरवलं. राज्यात भाजप २३ जागांवरून ९ वर आला. त्यानंतर सगळीकडे एकच कारण ऐकू येऊ लागलं: मुसलमानांची एकगठ्ठा मतं. 'व्होट जिहाद' हा शब्द भाषणांतून फिरू लागला.

आमची बहुतेक मतं महाविकास आघाडीला गेली, हे मी नाकारत नाही. पण ती त्याआधी तरी भाजपला कुठे होती? जे बदललंच नाही, ते बदलाचं कारण कसं होईल? मग बदललं काय?

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. १९९८ मध्ये कांदा कडाडला आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकांत भाजपने दिल्ली आणि राजस्थान गमावलं. केंद्रात वाजपेयींचं सरकार येऊन वर्षही झालं नव्हतं. त्या पराभवाचा धडा सगळ्याच पक्षांनी घेतला: शहरातलं ताट महाग होऊ द्यायचं नाही. पण ताट स्वस्त ठेवायची किंमत कोणीतरी मोजतोच.

२०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला. एप्रिलमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं. जागतिक बाजारही उतरला आणि पुढच्या हंगामांत तो भाव पुन्हा दिसला नाही. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्य झालं होतं. बाहेरचं तेल स्वस्त पडलं आणि ४६०० रुपये हमीभावाचं सोयाबीन त्याखाली विकलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. विदर्भात कापूस-सोयाबीन, नाशकात कांदा. १९९८ चा धडा २०२४ मध्ये असा उलटा बसला.

आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, बहुतेक शेती पावसावरची. भाव पडला की मालकाचा हात आखडतो, मग वेचणीला जाणाऱ्या बायांची मजुरी अडते, मग मोहल्ल्यातल्या दुकानाची उधारी वाढते. त्या उधारीच्या वहीत हिंदू-मुसलमान असे वेगळे रकाने नसतात.

सत्ताधाऱ्यांना मात्र पराभवाचं खरं कारण कळलं होतं. भाषणात एक सांगितलं, कारभारात दुसरंच केलं. जून संपण्याआधी 'लाडकी बहीण' जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये. सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचं शुल्क २० टक्के झालं. नोव्हेंबरमध्ये महायुतीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. पाच महिन्यांत राज्यातले मुसलमान काही कमी झाले नव्हते.

अमरावती जिल्ह्यात आठपैकी एकच जागा महाविकास आघाडीकडे राहिली, ती दर्यापूरची. ठाकरे गटाचे गजानन लवटे निवडून आले. हाही सगळा कापसाचा चमत्कार म्हणणं खोटं ठरेल. शिंदे गटाचे अभिजित अडसूळ आणि युवा स्वाभिमानचे रमेश बुंदिले एकमेकांसमोर उभे होते. महायुतीची मतं विभागली गेली. हिशेब करायचा तर आपल्याला न आवडणारी रक्कमही मांडावी लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं आयात शुल्क पुन्हा उठवलं गेलं. पुढच्या निवडणुकीत कोणी हरलं, तर कारण शोधायला आधी मोहल्ल्यात येऊ नका. बाजार समितीच्या भावफलकाकडे बघा.