माफीला पत्ता लागतो

माफी स्वतःसाठी करायची असते, समोरच्याला पश्चात्ताप झाला की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही, हे मत आता व्याख्यानमालांपासून समुपदेशकांपर्यंत सगळीकडे रुळलं आहे. त्याला जोड असते ती दुसऱ्या मताची: कैदेतून तेच परतले, ज्यांनी आशा सोडली नाही. या पूर्वपक्षासाठी एरिक लोमॅक्स यांची साक्ष हमखास काढली जाते. माझ्या मते हा साक्षीदार उलटतो.

आधी आशेचं पाहू. एडिंबराचे लोमॅक्स ब्रिटिश सैन्यात सिग्नल्सचे अधिकारी होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांच्या हाती लागले. पुढे कैद्यांकडून बांधून घेतलेली सयाम-ब्रह्मदेश रेल्वे, ४१५ किलोमीटर. या मार्गावर बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले. आशियाई मजूर तर त्यांच्या कितीतरी पट. त्यांत मलायातल्या मळ्यांवरचे तमिळ पुष्कळ होते. त्या सगळ्यांची आशा कमी पडली, असं म्हणायचं का? मेलेले आशावादी आत्मचरित्र लिहीत नाहीत, एवढाच त्या सिद्धांताचा आधार.

लोमॅक्स यांच्या छावणीत आशा म्हणजे चोरून जुळवलेला रेडिओ होता. युद्धाची आघाडी कुठवर आली, ही बातमी. ऑगस्ट १९४३ मध्ये तो सापडला. कुदळीच्या दांडक्यांनी मारहाण झाली, दोन अधिकारी त्यात गेले, लोमॅक्स यांचे दोन्ही हात मोडले. शिवाय त्यांनी स्वतः काढलेला रेल्वेचा नकाशाही मिळाला (हा माणूस लहानपणापासून आगगाड्यांचा वेडा), मग केंपेताईची, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांची, चौकशी. तिथे जो दुभाषा प्रश्न विचारत होता, तो ताकाशी नागासे.

आता माफी. सुटकेनंतर चार दशकांहून अधिक काळ लोमॅक्स यांनी माफ केलं नाही. उलट, त्या दुभाष्याचं काय करायचं याचे बेत मनात चालत. नागासे जिवंत आहेत हे १९८९ मध्ये एका वृत्तपत्रातल्या लेखातून कळलं. पुढे त्यांचं पुस्तक हाती आलं. थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात आपल्याला क्षमा मिळाल्यासारखं वाटलं, असं नागासे यांनी त्यात लिहिलं होतं. लोमॅक्स भडकले, आणि माझ्या वादाचा कणा इथेच आहे. पत्नी पॅटी यांनी नागासे यांना थेट पत्र लिहिलं: या एका कैद्याने तुम्हाला अजून क्षमा केलेली नाही, मग ती मिळाल्याचं तुम्हाला कसं वाटतं? देणाऱ्याने एकट्याने उरकायची माफी आणि घेणाऱ्याने परस्पर उचललेली माफी, यांत मला तरी फरक दिसत नाही. दोन्हींत दुसरा माणूस गैरहजरच.

तो हजर झाला म्हणून गोष्ट पुढे सरकली. नागासे युद्धानंतर लगेच दोस्तांच्या पथकाबरोबर रेल्वेलगतच्या कबरी शोधत फिरले होते. पुढे कांचनाबुरीत त्यांनी बुद्धमंदिर बांधलं. पत्रव्यवहार झाला, आणि मार्च १९९३ मध्ये क्वाय नदीच्या पुलाजवळ भेट. लोमॅक्स यांच्यावरच्या २०१३ च्या चित्रपटात ते एकटेच चाल करून जातात, ती करामत पटकथेची.

भेटीनंतर मन हलकं झालं, हे खरंच. पण आधी माहिती, मग पश्चात्ताप, मग माफी, असा तो क्रम होता. पुढे टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत लोमॅक्स यांनी नागासे यांना माफीचं पत्र दिलं. जे झालं ते विसरता येणार नाही, हेही त्यातच. पत्र नागासे यांच्या नावाचं होतं. दांडकी ज्यांच्या हातात होती, त्यांच्या नावाचं नव्हतं.